वामनमास्तरांचा एका शब्दाचा वर्ग

रविवार, ७ नोव्हेंबर १९४३. वेल्हे, मराठी शाळेची पडवी, दुपार. हजर: वामनमास्तर, शिकवायला. मी, शाळेची मास्तरीण, बायकांच्या वर्गात एक बाई असावी म्हणून. तानूबाई, मुलगा फौजेत, समुद्रापलीकडं. सगुणा, तोरण्याखालच्या धनगरवाड्यातली, नवरा पलटणीबरोबर मलायात गेलेला आणि दोन वर्षं होत आली तरी पत्ता नसलेला. वेल्ह्यातल्या दोघी जावा, दोघींचे नवरे एकाच पलटणीत. शिवाय गुंजवण्याची एक म्हातारी, जिचं फौजेत कुणीच नव्हतं. ती सावलीला म्हणून बसली आणि वर्ग सुटेपर्यंत उठली नाही.

हजेरी मांडताना मी वर "इंग्रजीचा वर्ग" असं लिहिलं होतं. मास्तरांनी ते मला खोडायला लावलं. म्हणाले, "इंग्रजी शिकवायला दहा वर्षं लागतात. आपल्याकडं माघापर्यंतचा वेळ आहे. हा एका शब्दाचा वर्ग आहे." तो शब्द होता अँक्शस.

मास्तर भोरच्या इंग्रजी शाळेत उभी हयात काढून पेन्शनीत निघाले आणि वेल्ह्याला विधवा बहिणीकडं राहायला आले. उंच, वाळके. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि उन्हानं तांबूस पडलेली काळी टोपी. मान नेहमी थोडी पुढं, लांबून कुणी हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाही अशी. कुणाच्या घरी गेले की आधी विचारायचे, घरातलं कुणी जेवायचं राहिलंय का. वर्गात एखादा मुलगा दोनदा खोकला तर त्याला घरी पाठवायचे, तो वाटेत पडेल म्हणून बरोबर दोघांना पाठवायचे, आणि ते दोघं नदीवर जातील म्हणून त्यांच्यामागं शिपायाला. त्यांची बहीण काशीताई म्हणायच्या, "आमच्या दादाला काळजी विकत मिळत असती ना, तर त्यानं पेन्शन त्यातच घातली असती. फुकट मिळते म्हणून घरात तेल-मीठ तरी येतं."

भोरला असताना त्यांनी एक पद्धत पाडली होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एकेक इंग्रजी शब्द वतन म्हणून द्यायचे. पाटलाला पाटीलकी, कुलकर्ण्याला दप्तर, तसा याला हा शब्द. त्या शब्दाचा अर्थ, तो कुठं चालतो, कुठं चालत नाही, त्याच्यापुढं काय येतं, हे सगळं त्या वतनदारानं सांभाळायचं. दुसऱ्या कुणी तो चुकीचा वापरला तर वतनदारानं उभं राहून हरकत घ्यायची. मुलं एकमेकांना शब्दांच्या नावानं हाका मारायची. आज चाळिशीला आलेले, जमीनजुमला सांभाळणारे लोक भोरच्या बाजारात एकमेकांना "काय रे ऑनेस्ट" म्हणताना मी ऐकलेत. अँक्शस हा शब्द मात्र मास्तरांनी कधी कुणाला दिला नाही. ते वतन त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं.

दुसरा नियम असा, की वाक्य खरं असलं पाहिजे. काशीताईंनी सांगितलेली गोष्ट आहे. मास्तरांनी अँक्शसचं वाक्य करायला सांगितलं आणि एका मुलानं धडाक्यात सांगून टाकलं की रामा अँक्शस आहे. मास्तरांनी विचारलं, कोण रामा? मुलगा अडकला. म्हणाला, आमच्या आळीतला कासार. मास्तर म्हणाले, चल. सगळा वर्ग मागं घेऊन ते कासाराच्या दुकानी गेले. रामा कासार फळीवर बसून पेरू खात होता. मास्तरांनी त्याला सरळ विचारलं, रामभाऊ, तुम्हाला कसली काळजी आहे का? त्यानं पेरू बाजूला ठेवून विचार केला आणि म्हणाला, काय न्हाई बा. मंडळी परत फिरली तसा तो मागून म्हणाला, "म्हंजे थोरलीचे दिवस भरत आल्यात, तेवढं सोडलं तर." मास्तर तिथंच थांबले. मुलाला म्हणाले, "वाक्य बरोबर. पण तुला माहीत नव्हतं. गुण नाहीत." त्यानंतर थोरली सुटेपर्यंत मास्तर रोज शाळेला त्याच आळीनं जात होते, असंही काशीताई सांगायच्या.

असा माणूस धनगराच्या आणि कुणब्याच्या बायकांना इंग्रजी शिकवायला का बसला, ते सांगते. लढाईच्या दिवसांत फौजेतल्या लोकांच्या घरच्यांची विचारपूस करायला एक गोरा साहेब चार-सहा महिन्यांनी भोरला यायचा. संस्थानातल्या गावागावांतून बायका चालत येऊन दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसायच्या. साहेबाला मराठी येत नसे, म्हणून शेजारी दुभाषा. त्या साली उन्हाळ्यात मास्तर पेन्शनीच्या कामाला भोरला गेले होते आणि उन्हातून आल्यावर त्याच ओट्याला टेकले होते. आत तानूबाई बोलत होती. पोराची छाती लहानपणापासून नाजूक आहे, थंड मुलूख त्याला सोसायचा नाही, शिमग्यापासून खुशाली नाही, सपनात दोनदा उपाशी दिसला, असं ती बराच वेळ सांगत होती. दुभाष्यानं ऐकून घेतलं आणि साहेबाला सांगितलं, बाई पैसे मागते. साहेबानं मान हलवून काहीतरी लिहिलं. तानूबाई त्याला आशीर्वाद देत बाहेर आली.

मास्तरांनी उठून इंग्रजीत सांगितलं, की बाई असं काही म्हणाली नाही. त्यांना आवाराबाहेर काढण्यात आलं, आणि पुन्हा आत यायचं नाही अशी ताकीद मिळाली. वेल्ह्याला आल्यावर ते आमच्या ओट्यावर बसून राहिले. मी चहा ठेवला तो निवला. मग म्हणाले, "काळजी आत गेली, बाई, आणि साहेबापर्यंत पोचेतो तिचे पैसे झाले."

मी म्हटलं, अर्ज लिहा इंग्रजीत. ते त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. अर्ज त्याच दुभाष्याच्या टेबलावर जात. मग एकच उपाय उरला, बाईनं स्वतः साहेबाच्या तोंडावर बोलायचं. त्याचा हा वर्ग.

पहिल्या दिवशी त्यांनी पाटी-पेन्सिल काही घेतलं नाही. कोणते शब्द बोलायचे नाहीत ते आधी सांगितलं. अफ्रेड म्हणायचं नाही. भ्यालेल्या बाईला साहेब धीर देतो आणि पाठवून देतो. सॉरी म्हणायचं नाही. साहेबाला वाटेल चूक तुमची आहे. वरीड हा शब्द आहे, पण तो त्यांना हलका वाटे, दुकानाचा हिशेब जुळला नाही की वापरावा असा. अँक्शसला टू जोडला की त्याचा उतावळेपणा होतो, तो नोकरी मागणाऱ्यांनी वापरावा. आपल्याला अबाउट लावायचं.

तानूबाईनं विचारलं, "पर त्येचा अर्थ काय वो?"

मास्तरांनी भिंतीला तळवा टेकला. "आपण म्हणतो, मला काळजी वाटते. म्हणजे काळजी कुठून तरी येते आणि आपल्याला लागते. इंग्रजीत या शब्दाला तसं नाही. तिथं बाई स्वतःच तो शब्द होते. ज्याचं काय झालं ते कळलेलं नाही, आणि जे कळेल ते ऐकायला जी बसून आहे, ती बाई अँक्शस."

"ह्यो त्येंचा शब्द खरा हाय," तानूबाई म्हणाली. "म्या तशीच झालीया."

जावा पदर तोंडावर धरून हसत होत्या. त्यांना पौषात नवऱ्यांची पत्रं आली आणि त्या यायच्या बंद झाल्या. मास्तरांना त्याचा इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी वर्गच घेतला नाही. उरल्या तानूबाई आणि सगुणा, आणि सावलीची म्हातारी, जिला एव्हाना ते वाक्य दोघींपेक्षा चांगलं येत होतं.

तानूबाईचं वाक्य सरळ होतं, माझ्या मुलाबद्दल. सगुणाचं तसं नव्हतं. चोवीस-पंचवीस वर्षांची, खांदे रुंद, बोलणं मोजकं. ती "अबाउट" म्हणायची आणि थांबायची. पदर पुढं ओढून खाली बघायची. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. पडवीत बसलेल्या प्रत्येकीला ते वाक्य तिथं पुरं वाटायचं. मलाही वाटायचं, आमच्या ह्यांचं नाव मीही घेत नाही. खोटं वाक्य खपवून न घेणारे मास्तरसुद्धा मान डोलवून पुढं जायचे. या मुलखात ते वाक्य खरोखरच पुरं होतं.

माघात साहेब येणार अशी दवंडी झाली. आम्ही डोंगरवाटेनं निघालो आणि उत्रोलीला मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं मुक्काम केला. सकाळी तानूबाई गोठ्यात म्हशीला वाक्य म्हणून दाखवत होती. घरधनीण म्हणाली, "आजी, म्हस दूध चोरील, तिला इंग्रजी नगा सांगू." त्या सकाळचं तेवढंच हसणं मला आठवतं. सगुणा भाकरी न खाताच उठली होती.

भोरला मास्तर आवाराबाहेर चिंचेखाली थांबले. मी बायकांबरोबर ओट्यावर होते. दार उघडं होतं, आतलं दिसत आणि ऐकू येत होतं. तानूबाई आत गेली, उभ्याउभ्याच म्हणाली, "आय अ‍ॅम अँक्शस अबाउट माय सन." साहेबानं मान वर केली. लेखणी ठेवली. तिला खुर्ची द्यायला लावली. मग मुलाचं नाव, पलटण, शेवटची खुशाली, सगळं एकेक करून विचारलं आणि दुभाष्याला ते पुरं सांगावं लागलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "खुर्चीवर बसवलं मला. पाठ टेकली न्हाई म्या."

मग सगुणा. तिनं वाक्य स्वच्छ म्हटलं आणि अबाउटला थांबली. साहेब वाट बघत राहिला. दोन बायका इंग्रजी बोलल्या म्हणून तो खुशीत होता, दुभाष्याला हातानं थांबवून त्यानं स्वतःच विचारलं, "नाम? आदमी का नाम?" सगुणानं पदर ओढला. त्यानं पुन्हा विचारलं. ती जमिनीकडं बघत उभी.

एरवी अशा वेळी दुभाषा शेजारच्या बाईला नाव विचारायचा. त्यालाही रीत माहीत होती. पण त्या दिवसांत एकाच शिपायाच्या नावावर दोन बाया उभ्या राहण्याचे प्रकार झाले होते, आणि तानूबाईच्या खुर्चीनं त्याचा पारा चढला होता. तो मराठीत म्हणाला, "इंग्रजी येतं आणि दादल्याचं नाव येत नाही? बाई, तू त्याची कोण?" तेच त्यानं साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा बदलला. तानूबाईनं ओट्यावरून नाव ओरडून सांगितलं, मीही सांगितलं. दुभाषा म्हणाला, बाहेरून सांगितलेलं चालणार नाही, हिनंच सांगायचं, नाहीतर बाजूला व्हायचं. साहेबानं पुढच्या बाईला बोलवायला हात केला.

नाव नोंदलं गेलं नाही तर चौकशी नाही. आणि एकदा ही त्या शिपायाची बायको नव्हे असं साहेबाच्या डोक्यात बसलं की पुढं कधीच नाही. ते आम्हां सगळ्यांना कळत होतं आणि सगुणाला सगळ्यांत जास्त. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

तानूबाई दारात जाऊन उभी राहिली. "अगं ए बये, उखाना घे की," ती म्हणाली. "लगनात घेतलास न्हवं? त्योच घे."

सगुणानं डोळे मिटले. लग्नात नणंदा दार अडवून उभ्या राहतात तेव्हाचा उखाणा, आणि तो तिनं अशा आवाजात म्हटला की ओट्यावरच्या पन्नासेक बायका गप्प झाल्या:

"तोरण्याच्या पायथ्याला मेंढरांचा थाट,
धोंडिबाचं नाव घेते, सोडा माझी वाट."

साहेबानं दुभाष्याकडं पाहिलं. दुभाष्यानं काय सांगितलं ते आमच्यापर्यंत आलं नाही, पण ते उन्हाळ्यातल्या त्या तीन शब्दांहून लांब होतं. साहेबानं नाव लिहून घेतलं.

आम्हाला वाटलं मास्तर खूश होतील. चिंचेखाली मी सगळं सांगितलं तेव्हा ते खाली बसले. सगुणा जवळ आली तर तिच्याकडं बघेनात. वाटेत मला म्हणाले, "हसतखेळत घ्यायचा उखाणा तिला तिथं घ्यावा लागला. मी तिला शब्द दिला, आणि शब्दापुढं ती एकटी उभी राहील हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीस वर्षं मुलांना विचारत आलो, कोण रामा. तिला विचारलं नाही."

त्यानंतर चौकशी चालू असल्याचं छापील कार्ड आलं. मग आणखी एक आलं. लढाई संपली. तानूबाईचा मुलगा परत आला, छाती होती तशीच नाजूक, बरोबर एक विलायती घोंगडी. मलायात जपान्यांनी पकडलेले कैदी सुटून गावोगाव यायला लागले, तसे मास्तर त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी जायला लागले. पायांना सूज असायची, तरी जायचे. एकानं सांगितलं, धोंडिबाला छावणीत पाहिला होता. मास्तर त्या रात्री आमच्याकडं जेवले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं सांगितलं, तो धोंडिबा वेगळा, साताऱ्याकडचा. मास्तर ती गोष्ट सगुणाला सांगायला धनगरवाड्यावर गेले ते संध्याकाळी परत आले आणि सरळ झोपले. काशीताई म्हणाल्या, "दादाला आता कुणी काही सांगू नका, चांगलं पण नको."

सगुणाच्या सासऱ्याचं म्हणणं वावगं नव्हतं. पोरगी तरणी आहे, घरात धाकटा दीर आहे, पाट लावून देऊ. पण आधीचा जिता असला तर ते पाप कुणाच्या माथी? जमातीतले लोक विचारत, कुंकू का पुसत नाही. माहेरचे विचारत, पुसायची घाई का करता. ती एकदा मास्तरांना माझ्यादेखत म्हणाली, "मेल्याचा कागद आना, न्हाईतर जित्याचा आना. मधल्यामधी लई दिस झालं, मास्तर." मास्तरांनी तिला हात जोडले. मी त्यांना आणखी कुणासमोर हात जोडताना पाहिलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, मराठीत या शब्दाला काय म्हणाल? मी चिंतातुर म्हटलं. ते म्हणाले, तो पोथीतला. मग म्हणाले, "तिच्यासाठी नाहीच शब्द. काळजी करणाऱ्याला पुढं काही कळायचं असतं. हिला कळणारच नसेल तर ती कोण?"

इंग्रज गेले. भोरला येणारा साहेब बंद झाला. दफ्तरं पुण्याला हलली, असं कळलं, आणि तिथं आता आपलेच लोक बसतात, मराठी बोलतात. मास्तरांनी पुण्याला जायचं ठरवलं. सगुणाला न्यायचा बेत होता, पण त्या हिवाळ्यात तिची मेंढरं शिवऱ्याला एका शेतकऱ्याच्या रानात बसवलेली होती, मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, सासरा सोडेना. मी शाळेच्या कामानं पुण्याच्या रस्त्यापर्यंत जाणार होते, म्हणून मास्तरांबरोबर शिवऱ्यापर्यंत गेले. सगुणा रस्त्याच्या कडेला उभी होती, काखेत ओलं कोकरू.

मोटार यायला वेळ होता. मास्तर कोटाची बटणं काढत होते आणि लावत होते. सगुणा म्हणाली, येते म्या बी, पोटच्या पोरावानी मेंढरं संबाळली, एक दिस दुसरं कुनी संबाळंल. मास्तर म्हणाले, "तू थांब. या वेळी नाव मी घेईन."

मोटार आली. ते चढले, आणि खिडकीशी जागा असूनही दोन माणसांच्या मधे बसले. धूळ उडाली. मला दिसली ती त्यांची मान, पुढं आलेली, आणि पलीकडच्या माणसाला ते काहीतरी विचारत होते. बहुतेक, घरी सगळी बरी आहेत ना, असंच.

पुण्यात ते भाच्याकडं उतरले. तिथं ताप भरला आणि तिथंच गेले. भाचा सांगतो, मामा एक दिवस सकाळी बाहेर पडले होते आणि दुपारी आले ते थंडीनं कुडकुडत. कुठं गेले होते, कुणाला भेटले, काय कळलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तापात बोलले ते इंग्रजीत, आणि भाच्याला त्याचा अर्थ लागला नाही. म्हणजे धोंडिबाचं काय झालं ते कदाचित त्यांना कळलं होतं. कदाचित दफ्तराचं दारच सापडलं नव्हतं.

हे मी सगुणाला जाऊन सांगितलं. ती खूप वेळ कोकरांना पाणी पाजत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमी नुसत्या संगं चला. म्होरं बसू नगा, बोलू नगा. नाव म्याच घेनार. उखान्यात न्हाई. सरळ घेनार. धोंडिबा." म्हटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला नाही.

मी हो म्हटलं. त्याला आता दीड वर्ष झालं. आधी शाळेची तपासणी आली, मग पाऊस, मग ह्यांचं आजारपण. दफ्तराचा पत्ता मिळवलाय, मोटारीच्या वेळा विचारून ठेवल्यात, सासऱ्याची परवानगी काढलीय, तिच्या मेंढरांना एक दिवस बघायला माणूस ठरवलाय. पुण्याला जाणं राहिलंय.